कोरडी मालीश

"वरड की, कुंदे! तोंड शिवलंय व्हय?" असं म्हणत हौसाआत्याने माझ्या पोटरीत दोन्ही अंगठे रुतवले.

मी ओरडले. इतकी ओरडले की परसातल्या कोंबड्या पळाल्या.

"आत्ता कसं! बाई वरडली म्हंजी शीर मोकळी झाली," आत्या समाधानाने म्हणाली आणि तिने आणखी तेल ओतलं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गडहिंग्लजला आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी चटईवर पालथी पडले होते, खोलीभर तिळाच्या तेलाचा वास होता आणि पुढच्या खोलीत आमच्या यजमानांनी, म्हणजे संपतरावांनी, रेडिओ मोठा केला होता. गाण्याची आवड म्हणून नव्हे. हा माणूस बायकोला मारतो असं शेजाऱ्यांना वाटू नये म्हणून. दर रविवारी सकाळी आठ ते नऊ आमचा रेडिओ मोठाच असायचा.

हौसाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली आणि बाळंतिणींना मालीश करायला लागली. पन्नास वर्षं तिने दुसरं काही केलं नाही. तिच्या हाताखाली बाळंतीण आधी रडायची, मग झोपायची आणि उठली की हिंडायला लागायची, अशी तिची गावभर ख्याती. माझी आई शाळेत शिक्षिका, दिवसभर बाहेर. त्यामुळे मला न्हाऊ-माखू घालून वाढवलं ते आत्याने. मी तेरा वर्षांची झाले, माझे पाय जाड व्हायला लागले, आणि आत्याने माझे रविवार ताब्यात घेतले. लग्न होऊन मी दोन गल्ल्या पलीकडे गेले, तर रविवारही मागोमाग आला. अशी तीस वर्षं झाली होती.

पायांबद्दल सांगायला हवं. कमरेच्या वर मी एक किरकोळ बाई होते आणि कमरेच्या खाली दुसरीच कुणीतरी, भरभक्कम. ड्रेस शिवायला टाकला की शिंपी मापं लिहून झाल्यावर विचारायचा, "मॅडम, सलवार कुणाची?" मी हायस्कुलात भूगोल शिकवायची. नववीच्या मुलांनी माझं नाव 'दक्षिण गोलार्ध' ठेवलं होतं. मला राग आला तो नाव चुकीचं होतं म्हणून. दक्षिण गोलार्धात जमीन कमी असते, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

ते पाय कमी व्हावेत म्हणून मी भात सोडला, साखर सोडली, सोमवार, गुरुवार आणि शनिवार धरले. त्याने गाल बसले, गळ्याची हाडं वर आली, पाय मात्र होते तिथेच. शिवाय ते दुखायचे. टेबलाचा कोपरा लागला तरी आठ दिवस निळा डाग. शाळेचा दुसरा मजला चढून वर्गात पोचले की मी मुलांना दहा मिनिटं नकाशा बघायला सांगायची आणि स्वतः खुर्ची धरून उभी राहायची. सगळ्यात शहाणा वर्ग म्हणून माझा वर्ग ओळखला जायचा, कारण नकाशा बघताना कुणी बोलत नाही.

शेवटी कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी ह्या प्रकाराला नाव दिलं, लिपेडिमा, आणि मला रेणुका मगदूम नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. रेणुका तिशीतली, शांत, वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीसारखी नीटनेटकी.

"मॅडम, ही चरबी खाऊन येत नाही आणि उपाशी राहून जात नाही," ती म्हणाली. "बहुतेक बायकांनाच होतं हे. तुमची यात काही चूक नाही."

तीस वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं. मी तिच्या टेबलावर डोकं टेकून रडले. मग डोळे पुसून विचारलं, "म्हणजे भात चालेल?"

"चालेल की."

मी पुन्हा रडले.

मग तिने माझे पाय बघितले. मांड्यांवरचे, पोटऱ्यांवरचे निळे-काळे डाग दिसले तशी ती खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाली, "घरी कुणी मारतं का? मला सांगा, मी कुणाला बोलणार नाही."

"छे छे! आत्या मालीश करते."

"एकच झालं," रेणुका म्हणाली. "ते आजपासून बंद. सहा आठवडे ह्या पायांना तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तुम्हीच करायचं, रोज, आणि अगदी हलकं. पाय बारीक होतील असं मी सांगत नाही, पण दुखणं आणि जडपणा पुष्कळ कमी होईल."

तिने पद्धत शिकवली. तेल नाही. आधी पोटावर हात ठेवून पोटातून सावकाश श्वास. मग गळ्याच्या हाडांच्या वरच्या खळग्यांत बोटं ठेवून कातडी जराशी सरकवायची आणि सोडायची. मग जांघा, मग मांड्या, गुडघे, पोटऱ्या, आणि हाताची दिशा नेहमी वरती. दाबायचं म्हणून नाही. मी करून दाखवलं तर ती म्हणाली, "मॅडम, कणीक मळताय का?"

माझा काय दोष? माझा हात आत्याच्या शाळेतला.

"असं करा," रेणुका म्हणाली. "घरी दूध तापवून निवू द्या. वरच्या सायीवर बोटं फिरवायची. साय मोडली की समजायचं, जोर जास्त झाला."

सहा आठवड्यांचं मला काही वाटलं नाही. धास्ती होती ती आत्याला सांगण्याची. तिच्याकडे घर नव्हतं, पोर नव्हतं, होता तो हात. आणि त्या हाताने सगळ्यात जास्त मेहनत केली होती ती माझ्यावर. तुझ्या तीस वर्षांच्या रविवारांनी माझं दुखणं वाढवलं, हे तिच्या तोंडावर कसं म्हणायचं? मला दुखलेलं चाललं असतं, पण तिचा चेहरा उतरलेला बघवला नसता. पण आता हो म्हटलं तर जन्मभर दुसरा मजला असाच चढायचा, हेही कळत होतं.

तेव्हा मी मधला मार्ग काढला. म्हणजे अर्धं खरं सांगितलं.

"आत्या," त्या रविवारी ती तेलाची वाटी घेऊन बसली तेव्हा मी म्हटलं, "आता थोडे दिवस मालीश नको. लेडी डॉक्टरांनी सांगितलंय."

आत्याचा हात वाटीतच थांबला. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कळलं कवा?"

"मंगळवारी."

"संपतरावास्नी म्हाईत हाय?"

"हो. त्यांनीच तर नेलं होतं."

"बरं," आत्या म्हणाली. वाटी झाकली, पदर खोचला आणि उठली. "जपून ऱ्हा. जिना जरा बेतानं चढत जा."

ना आरडाओरडा, ना रुसवा. मी स्वतःच्या चातुर्यावर भलतीच खूश झाले. एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. आत्या जगातल्या कुठल्याही बाईला रगडायची, फक्त एक सोडून. जिला नुकतेच दिवस गेलेत, तिच्या अंगाला ती बोट लावत नसे.

इकडे माझा सायीचा अभ्यास जोरात होता. आप्पा गवळ्याकडून एक लिटर म्हशीचं दूध वाढवून घेतलं. सकाळी पातेलं पुढ्यात घेऊन मी चार बोटं सायीवर टेकवायची आणि साय फाटायची. पुन्हा दूध, पुन्हा साय, पुन्हा सत्यानाश. संपतरावांना चहात सायीचा कण दिसला तरी मळमळायचं. त्या आठवड्यात त्यांच्या प्रत्येक चहात चिंध्या तरंगत होत्या. बिचारे गाळणी खिशात घालून कारखान्याला जायला लागले.

आप्पा गवळ्याच्या घरी सून बाळंत झाली होती आणि तिथे रोज मालीश करायला कोण जायचं, हे वेगळं सांगायला नको. आप्पाने आत्याला सांगितलं, कुंदाताईंनी दूध वाढवलंय.

गुरुवारी सकाळी मी खिडकीशी पलंगावर बसले होते. डावा हात पोटावर, डोळे मिटलेले, श्वास सावकाश आत, सावकाश बाहेर, आणि उजव्या हाताने गळ्यापाशी हलकं हलकं. डोळे उघडले तर खिडकीच्या गजांत आत्याचं तोंड.

"आई गं!" मी दचकले.

"बस, बस, उठू नगंस," आत्या कुजबुजली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती गेली आणि मी विचार करत राहिले की पोटातून श्वास घेणाऱ्या बाईला बघून कुणाला एवढं का भरून यावं.

शुक्रवारी संध्याकाळी संपतराव बाजारातून आले ते पांढरेफटक पडून. त्यांचे केस मात्र काळेभोर होते, कारण आदल्याच दिवशी माझ्या आग्रहाखातर त्यांनी पहिल्यांदा कलप लावला होता.

"आत्या भेटल्या होत्या," ते खुर्चीत बसत म्हणाले. "भर बाजारात म्हणाल्या, ह्या वयात शोभतं का हे तुम्हाला?"

"मग?"

"मी म्हटलं, चुकलं. पण कुंदानेच फार आग्रह केला."

"बरोबर आहे. मग?"

"त्या म्हणाल्या, झालं ते झालं, आता निस्तरा. मी म्हटलं, त्यात निस्तरायचं काय, महिन्याभरात आपोआप जाईल." संपतरावांनी घाम पुसला. "तर त्यांनी चपलेला हात घातला, कुंदा. एवढ्याशा कलपासाठी!"

आत्या जुन्या वळणाची, तिला कलप आवडला नसेल, असा निकाल आम्ही दोघांनी मिळून लावला. दोघेही पदवीधर.

शनिवारी आमच्या पूर्वाचा पुण्याच्या होस्टेलवरून फोन आला. "आई, आत्याआजीने मला फोन केला होता," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "मला काही प्रॉब्लेम नाही. तुमचं आयुष्य आहे. फक्त परीक्षेच्या आधी सांगायला नको होतं." आणि फोन ठेवला. परत लावला तर बंद.

मग मात्र माझ्या डोक्यात उजेड पडला. दूध, पोटावरचा हात, लेडी डॉक्टर.

रविवारी आठ वाजता आत्या आली ती भलंमोठं गाठोडं घेऊन. गाठ सुटली तर आत मऊ लुगड्यांची दुपटी, एक झबलं, आवळ्याचा मुरांबा, आणि वर बाळाचं टोपरं.

"आत्या, मला दिवस गेलेले नाहीत."

"लाजू नगंस."

"लाजत नाही. मी त्रेचाळीस वर्षांची आहे."

"शेवंताला शेचाळिसाव्या वर्साला जुळी झाली. मी मालीश केलीया. मी सांगतो ऐक, काय हुत न्हाई."

"अगं, खरंच काही नाही! तुला काय वाटलं, मी एवढं दूध पिते? साय मोडू नये म्हणून..." आणि मी सायीचा प्रकार सांगायला लागले. तो सांगताना मलाच इतकं हसू आलं की बोलता येईना. दाराशी उभे असलेले संपतराव "म्हणजे कलप नव्हे?" असं म्हणाले, त्यांना सगळा उलगडा झाला आणि तोंडावर पंचा धरून ते परसात पळाले.

आत्या हसली नाही. टोपरं हातात धरून उभी होती.

"मग मालीश नगो का म्हनालीस?"

आता पळायला जागा नव्हती.

"आत्या," मी म्हटलं, "दुखतं गं."

"दुखायचंच. दुखल्याबगर मालीश कसली?"

"तेवढ्यापुरतं नाही. आठवडाभर दुखतं. आणि रगडून हे जात नाही, उलट त्रास वाढतो. हे बघ." मी सलवार वर केली. चौदा दिवसांत कुणी अंगठा रुतवला नव्हता. पोटरीवरचे सगळे डाग गेले होते. तेरा वर्षांची असल्यापासून इतकी स्वच्छ पोटरी मीही पाहिली नव्हती.

आत्या वाकली. पन्नास वर्षं बायकांची अंगं बघणारे डोळे ते. त्यांना काही सांगावं लागत नव्हतं. तिने माझ्या पोटरीकडे बघितलं, मग स्वतःच्या अंगठ्यांकडे, आणि ती त्या दुपट्यांच्या ढिगावरच बसली.

"रगडून जात न्हाई?"

"नाही."

"कितीबी रगडलं तरी?"

"कितीही. उपास करूनसुद्धा नाही. हे असंच असतं काहीजणींचं. घराण्यातून येतं."

मला वाटलं, आता आत्या उठेल आणि पुन्हा ह्या घराची पायरी चढणार नाही. मला तिच्या पाया पडावंसं वाटत होतं. पण ती उठली नाही. तिने लुगड्याचा काठ धरला आणि गुडघ्यापर्यंत वर घेतला.

आत्या जाड आहे, हे आम्ही सगळ्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. एकदा ठरल्यावर कोण बघतो? मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पाऊल बारीक, घोट्यावर चरबीची गोल वळी, आणि तिथून वरती माझेच पाय. अगदी माझेच. त्यांच्यावर निळे-काळे डाग होते, जोडी-जोडीने, दोन अंगठ्यांच्या अंतरावर.

"हे कुणी केलं?" मी विचारलं. उत्तर कळलं होतं तरी विचारलं.

"म्याच. रोज सकाळच्याला, चूल पेटवायच्या आदी." आत्या खाली बघून बोलत होती. "नवरा गेला तवा सासू म्हनाली, ह्या खांबांखाली माझं घर दबलं. हाकलून दिली. मग तू तेरा वर्साची झालीस आन् तुझं पाय तसंच व्हाय लागलं. म्या म्हनलं, ह्या पोरीला कुनाला तसं बोलू द्यायची न्हाई. रगडून काढीन सगळं." तिने नाक ओढलं. "तुला दुखत हुतं गं, कुंदे?"

"नाही," मी म्हटलं. आणि मग रडायलाच लागले. इतका राग कधी कुणाचा आला नव्हता, जितका मला त्या न पाहिलेल्या म्हातारीचा आला. तिच्या एका वाक्यावर आत्याने पन्नास वर्षं रोज सकाळी स्वतःला शिक्षा केली होती.

"तुझी यात काही चूक नाही, आत्या."

"म्हंजी?"

"म्हणजे काहीच चूक नाही. झोप इथे."

"मी? मी कशापाय झोपू? मालीशवाली कवा झोपती व्हय?"

"झोप म्हणते ना."

तिला चटईवर आडवं करायला मला पाच मिनिटं लागली. मी हात धुऊन आले.

"तेल कुठाय?"

"तेल नाही."

"कोरडी मालीश?" आत्या अर्धी उठली. "गावात कळलं तर बाया तोंडात श्यान घालतील माझ्या!"

मी तिला परत झोपवलं आणि गळ्याच्या हाडांवर बोटं टेकवली.

"पाय दुखायलेत आन् ही बया माझा गळा धरायली!"

"गप. पोटातून श्वास घे."

तिने श्वास घेतला. मी कातडी जराशी सरकवली आणि सोडली. आत्याच्या तोंडातून एक बारीक, विचित्र आवाज निघाला. मी पुन्हा केलं. पुन्हा तोच आवाज. आणि मग हौसाआत्या, जिच्या नुसत्या नावाने बाळंतिणी चळचळा कापायच्या, ती खांदे वर करून, पाय झाडत, तोंडात पदर कोंबून खिदळायला लागली. तिला गुदगुल्या होत होत्या. बहात्तर वर्षांच्या बाईला गुदगुल्या! "सोड, सोड, मेले मी!" ती म्हणत होती, आणि तिचं बघून मीही. संपतराव चहा घेऊन आले, दोन बायका चटईवर लोळून हसताहेत हे बघितलं आणि चहा घेऊन तसेच परत गेले.

हसू ओसरल्यावर मी गुडघ्यापर्यंत आले. मग पोटरी. निळ्या डागांवरून मी सायीवरून फिरवावा तसा हात फिरवला, खालून वर, खालून वर. आत्याचे डोळे मिटलेले होते आणि दोन्ही कानांच्या दिशेने पाणी वाहत होतं.

"दुखतंय का?"

"न्हाई," ती म्हणाली. तिला नवल वाटत होतं. "कुंदे, गावातल्या समद्या बायांना हात लावला म्या. मला कुनी लावला नव्हता बग."

मी हात चालू ठेवला. बऱ्याच वेळाने एक पाय पूर्ण झाला. आत्याला झोप लागली असं समजून मी आवाज न करता उठायला लागले. तेव्हा तिने डोळे न उघडताच लुगडं वर घेतलं आणि दुसरा पाय पुढे केला.